एका पैशाचा हिशेब : तरुणांच्या सेवेला गावाचा हात

आज आपण इतिहासात डोकावणार आहोत. विषय मात्र आपल्या बचतगटाच्या वहीतलाच आहे : थोडे थोडे पैसे. गावातल्या मुलामुलींनी गावासाठी काही काम करायचं ठरवलं, तर त्याला लागणारा पैसा पूर्वी कुठून यायचा, आज कुठून येतो, आणि तो कुणाच्या हातून आला म्हणजे काय फरक पडतो, हे बघायचं आहे.

चाकण, महाळुंगे, निघोजे, मोशी, भोसरी या बाजूच्या बायांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. शेताच्या जागी कंपन्या आल्या, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. पोरं बारावी किंवा आयटीआय करून कंत्राटावर लागतात. शिफ्ट सुटली की चौकात बसतात. गावात तरुण मंडळ असतं. दहीहंडीला डीजे लागतो, कुणाच्या तरी वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, आणि त्याचा पैसा बहुतेक वेळा एका-दोघांच्या खिशातून येतो. ज्याचा पैसा, त्याचा फोटो. आणि वेळ आली की पोरंही त्याच्याच मागे उभी राहतात. आपण म्हणतो, पोरं बिघडली. पण त्या पोरांना दुसऱ्या कुणी कामाला हाक मारली आहे का, आणि हाक मारताना पदरचे चार पैसे पुढे ठेवले आहेत का, हेही विचारायला हवं.

आपल्या महाराष्ट्रात असे चार पैसे पुढे ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यातली एक गोष्ट तर चाकणपासून जवळच, तळेगावात घडली.

तळेगावची काच

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ. राज्य इंग्रजांचं. घरातल्या कंदिलाची काच, औषधाची बाटली, इतकंच काय, हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा मोठ्या प्रमाणात परदेशातून यायच्या. ऑस्ट्रिया आणि जपानची काच आपल्या बाजारात विकली जायची. स्वदेशीचा विचार जोर धरत होता. पण कारखाना काढायचा तर भांडवल पाहिजे, आणि ते कुणाकडे होतं?

तेव्हा अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक साधी कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. सगळ्यांचे पैसे एकत्र करून त्यातून देशी उद्योगाला मदत करायची. याला नाव पडलं पैसा फंड. त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे एका रुपयात 64 पैसे असायचे. चौसष्ट माणसांच्या दारात जावं, तेव्हा एक रुपया जमायचा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठिंबा दिला, आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला आले.

या कारखान्याचं वेगळेपण असं की, तिथे माल काढण्याइतकंच पोरं शिकवण्यालाही महत्त्व होतं. भट्टी कशी लावायची, वाळू कोणती घ्यायची, वितळलेली काच नळीवर घेऊन कशी फुंकायची, हे तरुणांना हाताने शिकवलं जायचं. तिथे शिकून बाहेर पडलेली माणसं पुढे देशातल्या निरनिराळ्या काच कारखान्यांत कामाला लागली, काहींनी ते चालवलेसुद्धा. पहिल्या महायुद्धात परदेशी काच येणं अडलं, तेव्हा देशात नवे कारखाने निघाले आणि हाताला सवय असलेल्या माणसांची किंमत कळली. एका पैशातून किती नफा झाला, हे विचारणाऱ्याला पैसा फंडाचं उत्तर कारखान्याच्या तिजोरीत सापडणार नाही. ते त्या शिकलेल्या हातांत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एक पैसा गोळा करायला पायपीट किती! खरं आहे. चौसष्ट घरं फिरून एक रुपया मिळणार असेल, तर हिशेबी माणूस म्हणेल की, एखाद्या शेठजीकडून हजार रुपये घ्या आणि मोकळे व्हा. पण शेठजीचे हजार घेतले असते तर तो कारखाना शेठजीचा झाला असता. पैसा देणाऱ्या प्रत्येकाला तळेगावची काच आपली वाटावी, यासाठी ती पायपीट होती. आपल्या गटात दर आठवड्याला वीस किंवा पन्नास रुपये जमा करताना आपणही हेच करतो. बँकेतून एकदम कर्ज घेणं सोपं असतं, तरी आधी बचत करायला सांगतात, कारण आपला पैसा असला की आपण हिशेब विचारतो.

साताऱ्याची मूठ

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वतः काम करायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी तिथे आले आणि या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

या पोरांचं पोट कसं भरायचं? पैसा नव्हता, पण खेड्यांत धान्य होतं. घराघरातून मूठभर धान्य बाजूला काढायची रीत भाऊरावांनी वापरली. जात्यावर बसलेल्या बाईने दळणातून एक मूठ वेगळी काढायची, आणि आठवड्याने ती वसतिगृहाला पोचवायची. ती मूठ देणारी बाई बहुतेक स्वतः शाळेत गेलेली नसायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर पोरांसाठी अंगावरचे दागिने विकले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. वसतिगृहातली पोरं त्यांना आईच मानायची.

वसतिगृहात वाढलेली पोरं नुसती शिकून नोकरीला गेली नाहीत. पुढच्या काळात रयतने खेडोपाडी शेकडो छोट्या प्राथमिक शाळा काढल्या. त्यांना व्हॉलंटरी शाळा म्हणायचे. देऊळ, चावडी, कुणाचा ओटा, जिथे जागा मिळेल तिथे शाळा भरायची. जागा गावाची, थोडंफार अनुदान सरकारचं, आणि शिकवायला तुटपुंज्या पैशांत राहणारा तरुण मास्तर. आज आपण ज्याला युवकांचा सेवा उपक्रम म्हणतो, तो हाच. मूठ देणाऱ्या गावाला त्या मुठीचं फळ म्हणून आपल्याच वाडीत मास्तर मिळाला. दिलेलं धान्य असं फिरून परत आलं.

24 सप्टेंबर

स्वातंत्र्य मिळालं. आता सरकार आपलं होतं. शिकणाऱ्या मुलांनी समाजाची थोडी सेवा करावी, असं नेत्यांच्या मनात होतं. 1959 मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. चिंतामणराव देशमुख, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. समितीने सांगितलं की, कॉलेजात जाण्याआधी प्रत्येक मुलामुलीने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि ती सक्तीची असावी.

ही शिफारस अमलात आली नाही. एवढ्या मुलांना वर्षभर सांभाळायचा खर्च सरकारला झेपणारा नव्हता, आणि व्यवस्था लावणंही अवघड होतं. ज्यांनी देशाचं बजेट मांडलं, त्यांच्या समितीची योजनाही शेवटी खर्चावर अडली! पुढे विचार झाला तो असा की सक्ती नको, मुलांनी आपल्या खुशीने यावं, आणि शिकता शिकता काम करावं.

यातूनच 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिलाच आपली पोरं एनएसएस म्हणतात. तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती 37 विद्यापीठांत सुरू केली. पहिल्या वर्षी 40,000 विद्यार्थी होते. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला तो दिवसही 24 सप्टेंबरच, साल 1873. आता दरवर्षी हा दिवस कॉलेजांत एनएसएस दिन म्हणून पाळतात.

योजनेचा पैसा वाटून घेतला होता. बारा रुपये खर्च असेल तर सात रुपये केंद्र सरकारचे आणि पाच रुपये राज्याचे. 2016 पासून सगळा पैसा केंद्राकडून यायला लागला. मुलाने दोन वर्षांत 240 तास काम करायचं, आणि एका दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचं शिबिर करायचं. आपल्याकडे त्याला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. हा शब्द बाबा आमट्यांच्या छावण्यांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला ते तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवायचे.

योजनेला जेमतेम तीन-चार वर्षं झाली आणि महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला. आपल्या सासवांना विचारा. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, मिलो ज्वारीच्या भाकरी थापलेली बाई अजूनही गावात सापडेल. 1973 मध्ये एनएसएसच्या शिबिरांना देशभर विषय दिला होता, दुष्काळाविरुद्ध तरुण. पुढच्या वर्षांत घाण आणि रोगराई, झाडं लावणं, असे विषय आले. म्हणजे गावावर जे संकट, तो शिबिराचा विषय. सरकारी योजनेतली ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

चौसष्ट रुपयांत एक दिवस

आता जरा हिशेब करू. आपल्याला हिशेब आवडतो.

गेल्या दशकातली बरीच वर्षं शिबिरासाठी सरकारकडून एका विद्यार्थ्यामागे 450 रुपये मिळायचे. शिबिर सात दिवसांचं. भागाकार करा. दिवसाला साधारण 64 रुपये येतात. पैसा फंडाच्या काळात रुपयात 64 पैसे होते, आणि इथे पोराच्या एका दिवसाला 64 रुपये. त्यात सकाळचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, येण्याजाण्याचा खर्च, टिकाव, फावडी, घमेली, सगळं बसवायचं. पन्नास मुलांचं शिबिर धरलं तर सात दिवसांचे 22,500 रुपये. ज्या बाईने कधी वीस माणसांचा स्वयंपाक केला आहे, तिला कळेल की एवढ्यात भागणं कठीण आहे.

मग शिबिरं होतात कशी? गाव देतं म्हणून होतात. शाळेच्या खोल्या मिळतात, देवळाचा सभामंडप मिळतो. कुणी पोतंभर तांदूळ देतं, कुणी भाजी, कुणी एक दिवसाचं जेवण. पिठलं-भाकरीची एक पंगत तर बायाच उचलतात. शिबिराच्या अहवालात सरकारी अनुदानाचा आकडा येतो, गावाने दिलेल्या भाकरीचा आकडा येत नाही. पण हिशेब मांडला तर त्या भाकरीही अनुदानच आहेत. आपण वर्षानुवर्षं तरुणांच्या सेवेला अनुदान देत आलो आहोत. फक्त त्याला ते नाव दिलं नाही, आणि नाव दिलं नाही म्हणून त्यावर आपला हक्कही सांगितला नाही.

हा हक्क महत्त्वाचा आहे. एक उदाहरण घ्या. शिबिरात मुलं ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडतं, जवळच्या विहिरींना त्याचा फायदा होतो. खर्च थोडाच. पण हा बंधारा कच्चा असतो. पुढच्या पावसात पूर आला की वाहून जातो, म्हणून दरवर्षी पावसाळा संपता संपता, ओढा वाहता असतानाच तो नव्याने घालावा लागतो. शिबिर येतं एकदा. पुढच्या वर्षी त्या गोण्या कोण भरणार? सरकारच्या अनुदानात शिबिराचा खर्च आहे, पुढच्या वर्षीच्या गोण्यांचा नाही. शोषखड्ड्याचं तसंच, लावलेल्या झाडांचं तसंच. रोप लावायला पाहुणे पुष्कळ येतात, मार्च-एप्रिलमध्ये पाणी घालायला घरचंच माणूस लागतं.

बाहेरून येणारा पैसा काम सुरू करून देतो. ते काम टिकतं मात्र गावातल्याच थोड्याशा पैशावर, आणि गावातल्याच पोरांच्या हातावर. तळेगावच्या काचेतून आणि साताऱ्याच्या मुठीतून मला हेच दिसतं.

आपल्या पट्ट्यातला पैसा

आपल्या भागात पैसा नाही असं कुणी म्हणणार नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि बघता बघता पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी एकमेकांत मिसळली. 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मग कारखाने चाकणकडे सरकले. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा समाजाच्या कामावर खर्च करायला लावलं. हा नियम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाला. त्याला सीएसआर म्हणतात. त्यातून शाळांना वर्ग मिळाले, पाण्याच्या टाक्या मिळाल्या, ते चांगलंच झालं. मिळत असेल तर जरूर मागावं.

पण सीएसआरचं काम काय करायचं, ते कंपनीच्या कार्यालयात ठरतं. तुमच्या गावात दुसरी शिफ्ट सुटल्यावर रात्री मुख्य रस्त्यापासून खोलीपर्यंत एकटी चालत येणारी मुलगी घाबरते, हे कंपनीच्या कार्यालयात कुणाला कळणार? ते तुम्हाला माहीत आहे. तिच्याबरोबर चालायला चार विश्वासू मुलं-मुली, चार टॉर्च आणि एक शिट्टी लागते. त्याचा खर्च हजार-दोन हजार. एवढ्या छोट्या कामाला मोठ्या पैशाच्या योजनेत रकाना नसतो.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात 1914 मध्ये पहिला समाजनिधी स्थापन झाला. शहरातल्या अनेकांनी दिलेला पैसा एकत्र ठेवायचा आणि त्याचं वाटप शहरातल्याच माणसांच्या समितीने ठरवायचं, अशी ती पद्धत. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन राज्यात आणखी एक पाऊल टाकलं. तिथल्या समाजनिधींमध्ये शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींच्या समित्या नेमल्या, आणि छोटी अनुदानं कुठल्या कामाला द्यायची हे त्यांनाच ठरवायला दिलं. मोठ्यांनी फक्त सोबत बसायचं. पोरांच्या हाती पैसा दिला तर उडवतील, ही भीती तिथेही असणारच. जबाबदारी दिल्याशिवाय ती अंगी येत नाही, हे त्यावरचं उत्तर.

आपल्याकडेही ओळखीची उदाहरणं आहेत. आषाढीला तुकोबांची पालखी देहूहून आणि माउलींची आळंदीहून निघते. वाटेत घराघरातून भाकरी-चटणी येते. पुणे विद्यापीठाच्या एनएसएसच्या मुलामुलींनी 'स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी' हा उपक्रम चालवला, त्यात पत्रावळी गोळा करण्यापासूनची कामं मुलं करतात. भाकरी घरांची, हात तरुणांचे. वारीत हे सहज जमतं, कारण तिथे देणाऱ्याला फोटो नको असतो.

गटाने काय करावं

आता आपल्याकडे येऊ. आपल्या खेड तालुक्याने बचतगटांत फार लवकर पाऊल टाकलं. 1990 च्या आसपास राजगुरुनगरला 'चैतन्य' संस्थेने गट बांधायला घेतले, आणि पुढे गटांचा ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ उभा राहिला. 1992 मध्ये नाबार्डने गट बँकेला जोडायचा प्रयोग देशात 500 गटांपासून सुरू केला. आज गावोगावी उमेदचे गट आहेत, ग्रामसंघ आहेत. आपल्या दशसूत्रीत बचत आणि कर्जफेडीबरोबरच आरोग्य, शिक्षण आणि पंचायतीतला सहभागही आहे. बचतीची पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ असतात. बाकीच्या पाचांसाठी हात कमी पडतात. ते हात चौकात बसले आहेत.

एक सोपा हिशेब सांगते. समजा, एका ग्रामसंघात 12 गट आहेत आणि प्रत्येकात 10 बाया. प्रत्येकीने महिन्याला 10 रुपये वेगळे काढले तर महिन्याचे 1,200 आणि वर्षाचे 14,400 रुपये होतात. त्यातून 4,000 ची तीन छोटी अनुदानं देता येतात, आणि 2,400 रुपये दुरुस्ती-देखभालीला उरतात. दहा रुपये म्हणजे आजची एका चहाची किंमत.

मात्र चार गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, हा पैसा बचतीत मिसळायचा नाही. बचत आणि समुदाय गुंतवणूक निधी कर्जासाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. सेवेचा पैसा वेगळा, त्याची पावती वेगळी, वही वेगळी. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करून तो इतिवृत्तात लिहायचा. आणि ज्या बहिणीला महिन्याला दहा रुपयेही जड आहेत, तिच्यावर सक्ती नाही. तिने मूठभर तांदूळ दिले तरी ते वहीत लिहायचे.

दुसरी, काम मुलांनी सुचवायचं, आणि मागणीचा अर्ज एका पानाचा असावा. काय करणार, कोण करणार, किती दिवस, किती खर्च. गटात मुली असल्याच पाहिजेत. आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी, मराठवाडा-विदर्भातून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुलंही असावीत. ती इथेच राबतात, त्यांची पोरं आपल्याच शाळेत येतात. गावच्या पोरांनी आणि खोल्यांतल्या पोरांनी एकत्र घमेलं उचललं तर पुष्कळ भांडणं सुरू होण्याआधीच मिटतात.

तिसरी, पैसा दोन हप्त्यांत द्यायचा. अर्धा आधी, अर्धा काम बघून. आणि हिशेब बैठकीत मोठ्याने वाचायचा, देणाऱ्या बायांसमोर. अठरा-वीस वर्षांच्या मुलाने आपल्या आई-मावशीसमोर उभं राहून, टॉर्चला किती लागले आणि वडापावला किती गेले, हे सांगणं हे मोठं शिक्षण आहे. चूक निघाली तर रागवा, पण पुढच्या वेळी पुन्हा बोलवा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जे काम पंचायतीचं आहे, ते पोरांच्या श्रमावर ढकलायचं नाही. रस्ता, गटार, पाण्याची लाइन, दिवाबत्ती यांसाठी आपण कर भरतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब महिला सभेत आणि ग्रामसभेत मागायचा. आपली दहा रुपयांची मूठ पंचायतीचं ओझं हलकं करायला नाही. पंचायतीला जे दिसत नाही ते करायला, आणि जे दिसायला हवं ते दाखवून द्यायला ती आहे. रात्री चालणाऱ्या मुलींसोबत महिनाभर चालल्यावर त्याच मुलांनी कुठले दिवे बंद आहेत याची यादी केली आणि ग्रामसभेत वाचली, तर त्या दोन हजारांचं खरं काम झालं.

मी बैठकांना जाते तेव्हा बाया विचारतात, ताई, आपल्यालाच पुरत नाही, पोरांना कुठून द्यायचं? प्रश्न खरा आहे. त्यावर मी म्हणते, पोरांना पैसा मिळतोच आहे. फ्लेक्सला मिळतो, डीजेला मिळतो, निवडणुकीला मिळतो. तो देणाऱ्याने पोरांचा वेळ विकत घेतलेला असतो. तोच वेळ आपल्या ओढ्याला, आपल्या अंगणवाडीला, रात्री घरी येणाऱ्या आपल्या लेकीला हवा असेल, तर चार पैसे आपलेही असायला हवेत. सातारच्या बायांनी मुठीतून मास्तर घडवला. आपल्याकडे वही आहे, ठराव आहे, बँकेत खातं आहे, आणि दर आठवड्याला एकत्र बसायची सवय आहे. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावातल्या तरुण मंडळाला सध्या पैसा कुठून येतो? हजार-दोन हजारांत होईल असं गावातलं कुठलं काम अडून राहिलं आहे? आणि आपल्या गटात महिन्याला किती बाजूला काढता येईल, दहा, पाच की मूठभर तांदूळ? उत्तरं आली की ती इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या बैठकीला गावातल्या चार मुली आणि चार मुलांना चहाला बोलवा. चहा आपल्याकडून. पहिलं अनुदान तेच समजा.